हृदयापर्यंत पोहोचलेला चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे आणि हृदयापर्यंत पोहोचणं हे माझं जीवितकार्य आहे. असा दावा कवीही करतात. फरक एवढाच, की मी मानेतल्या शिरेतून जातो आणि तिथे पोहोचल्यावर जंत काढतो.

माझा जन्म कारखान्यातला. माझे भाऊबंद भुवया कोरायला गेले आणि सुखी झाले. मला मात्र हातभर लांब, वेतासारखं लवचिक बनवलं, टोकाला सुसरीचा इवलासा जबडा दिला आणि जनावरांच्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला एकच शिस्त लावली: ओढायचं, पण तोडायचं नाही. डास चावून कुत्र्याच्या अंगात शिरलेले हे जंत हृदयात वाढतात, वीत-दीड वीत लांब, पांढऱ्या दोऱ्यासारखे. त्यांचा गुंता झाला की रक्ताची वाटच अडते. तो उपसताना एखादा आत तुटला, तर कुत्रा जागीच दगावू शकतो. म्हणून मी आयुष्यभर घट्ट धरलं, पण दातओठ खाऊन कधी नाही.

एकदा दोन भावांनी एक कुत्रा चादरीत घालून आणला. चादरीची दोन टोकं एकाकडे, दोन दुसऱ्याकडे. बोलणं मात्र बंद. वाटणीत वरचा मजला थोरल्याला गेला होता, खालचा धाकट्याला. कपबशासुद्धा वाटून झाल्या होत्या. कुत्र्याचे दोन भाग होईनात, म्हणून तो सामाईक राहिला.

"नाव काय याचं?" बाईंनी विचारलं.

"सरदार," थोरला म्हणाला.

"बाळू," धाकटा म्हणाला.

सरदार ऊर्फ बाळू कुठल्याच नावाला मान उचलेना. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी काळ्या कॉफीसारखी.

"दर महिन्याची जंताची गोळी चालू होती ना?"

थोरला भिंतीकडे बघत म्हणाला, "ते खालच्यांना विचारा, डॉक्टर. औषधपाणी तेच बघतात."

"वा! लाड वर आणि गोळ्या खाली?" धाकटा उसळला. "वर हुशार माणसं राहतात. मला वाटलं, देत असतील."

"म्हणजे कोणीच दिली नाही," बाई म्हणाल्या. "आत्ता जंत काढले नाहीत तर हा उद्या तुमच्या दोघांचाही नसेल. काढतानाही जाऊ शकतो. काय करू?"

"काढा," दोघं म्हणाले. वाटणीनंतरचं हे पहिलं एकमत.

पूर्ण भूल सोसण्याइतकं त्राण त्याच्यात नव्हतं, म्हणून मानच तेवढी बधिर केली. मदतनीस क्ष-किरणांच्या पडद्यापाशी अडकलेला, तेव्हा शिशाचे जड एप्रन चढवून थोरल्याने डोकं धरलं, धाकट्याने पाय. मी शिरेतून उतरलो. जबडा उघडला, मिटला, आणि पहिल्याच खेपेला चार घेऊन वर आलो.

"अरे बापरे!" धाकट्याचा चेहरा उतरला.

"तू बघू नकोस. चक्कर येते तुला," थोरला म्हणाला. आपण कोणाशी बोललो हे त्याच्या जरा उशिराच लक्षात आलं.

पुढे एक जंत ताणला गेला. बाईंचा हात थांबला. मी जबडा सैल केला, पुन्हा धरलं, आणि तो सबंध निघाला. त्या तेवढ्या वेळात खोलीत श्वास एकट्या कुत्र्यानेच घेतला.

बाईंची रीत अशी, की मी लागोपाठ पाच वेळा रिकामा आलो तरच काम संपलं. चार वेळा रिकामा आलो. "झालं ना?" थोरल्याने विचारलं. पाचव्या वेळी एक निघाला. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आता दोघं भाऊ एका सुरात मोजू लागले. शेवटच्या आकड्याला शेपटी टेबलावर आपटली. "शाबास!" बाई म्हणाल्या. ते कुत्र्याला होतं.

मला उकळत्या पाण्याची आंघोळ मिळाली आणि मग खण. हल्ली तिथेच असतो, एका तुटक्या पट्टीच्या शेजारी. मित्रांनो, जुनी माणसं म्हणतात, आम्हाला विसरू नका. माझी विनंती उलटी आहे. मला खुशाल विसरा, गोळी विसरू नका. आणि ती कोणी द्यायची हे आधी ठरवून टाका, बोलणं बंद असलं तरी.

कुत्रा वाचला. टाके काढायला आणला तेव्हा थोरल्याने त्याला धरलं, धाकट्याने चुचकारलं, आणि तो बाईंना चावला.