वीरप्पा मास्तरांची तार

वीरप्पा मास्तर धाराशिवच्या एका शाळेत विज्ञान शिकवीत. १९६६ साली त्यांनी एका इंग्रजी मासिकात वाचलं, की काही मिश्रधातूंना वाकवून गरम केलं की ते आपला मूळ आकार पुन्हा घेतात. झालं! विटा रचून, आत शेगडीची तार गुंडाळून त्यांनी पडवीत विजेची भट्टी बांधली. तसल्या मिश्रधातूची तार बनवायला तांबं-जस्त वितळवताना खांबावरचा फ्यूज उडायचा आणि गल्ली अंधारात शिव्या द्यायची.

"अडाणी लोक!" मास्तर म्हणायचे. बायको महादेवीलाही ते त्यांतच धरत.

तार तयार होताच त्यांनी शाळेतल्या मंडळींना घरी बोलावलं. तार वाकवून कढत पाण्यात टाकली. ती वाकडीच राहिली. मग मास्तर पातेल्यावर ओणवे झाले, वाफेआड बोटं घातली आणि सरळ तार वर काढली. टाळ्या पडल्या.

मंडळी गेल्यावर ते म्हणाले, "बोटं पोळलीत, तेल दे."

"तार तुमीच सरळ केली. म्या बघितलं," महादेवी म्हणाली.

"तुला काय कळतंय? लोकांना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून केलं."

"व्हय, खोट्याची गोडी लागंल." तिनं बाटली पुढं सरकवली, बोटांना हात लावला नाही.

पुढच्या आठवड्यात शाळेनं मास्तरांचा सत्कार ठेवला. महादेवी गेली नाही. शेजारच्या लालबीनं कारण विचारलं, तेव्हा गळ्यात हार घालून परतलेल्या मास्तरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "फसवणाऱ्याला हार घालताना काय बघायचं, बाई?"