शब्दाशिवाय घास नाही

आधी

हालापा शहरातल्या, न बोलणाऱ्या मुलांना बोलतं करायच्या त्या केंद्रात प्रत्येक मुलाच्या तक्त्याला तीन रकाने होते: आधी, वर्तन, नंतर. एलोदिया चार महिने हे रकाने भरत होती आणि चार महिन्यांत तिला काहेताची शिसारी बसली होती. बकरीच्या दुधाचा तो आटवलेला गोड पाक तिच्या नखांत असे, बाह्यांवर असे. घरी केस धुतानाही त्याचाच वास येई.

तिच्यासमोर नेरेइदा बसे. वय सात. बोलत नसे, स्वतःचं मनगट चावे. ओठ मिटले, एक चमचा काहेता. मग नुसत्या ओठांना काही नाही; 'म' निघाला तर एक चमचा. मग 'म'लाही काही नाही, आता पुरतं 'ममा' हवं. प्रत्येक चमच्याबरोबर "छान गं!" म्हणायचं, दर वेळी तेवढ्याच आनंदाने. तो आनंद एलोदियाने आरशापुढे घोटून घेतला होता. आता तो ओकारीसारखा आपोआप वर येई.

भूक नसेल तर चमच्याला किंमत नाही, म्हणून मुलांना उपाशी पोटी आणायचं, हा तिथला नियम.

नेरेइदाची आई कासिल्दा कोआतेपेकला कॉफीच्या तोडणीवर जाई. बसमध्ये ती पोरीला चोरून तामाल, मक्याच्या पिठाचं उकडलेलं मुटकुळं, भरवते, हे तक्त्याने सांगितलंच: सोमवारी पोरगी चमच्याकडे पाहीना. एलोदियाने तिला व्हरांड्यात गाठलं.

"कासिल्दाबाई, असं कसं चालेल? शब्दाशिवाय घास नाही. एवढंच लक्षात ठेवा."

"पोटची पोर आहे, बाई. तोंडाकडे बघत बसते माझ्या."

"तिने तुम्हाला ममा म्हणावं असं वाटतं ना?"

कासिल्दाने शालीने नाक पुसलं. "त्याच्यासाठीच तर मरतेय."

"मग?"

वर्तन

शुक्रवार. राजधानीहून पाहुणे आले होते. ते काचेपलीकडे बसले. इकडून ती काच म्हणजे आरसा. केंद्राचे प्रमुख डॉक्टर उरूतियाही तिकडेच; त्यांचा आवाज भिंतीतल्या स्पीकरमधून आला, "हं, करा सुरू."

चमचा वर गेला.

ममा.

खूण. चमचा. छान गं.

ममा.

खूण. चमचा. छान गं.

ममा ममा ममा ममा

तक्त्यातल्या दहा सेकंदांच्या चौकटीत खुणा मावेनात. स्पीकरमधून टाळ्या. नेरेइदा चमच्याला ममा म्हणत होती, बरणीला म्हणत होती, बरणीच्या झाकणालाही म्हणत होती. कोपऱ्यात आई उभी होती. तिच्याकडे पोरीने एकदाही पाहिलं नाही.

लाळेची तार हनुवटीवरून टेबलापर्यंत आली. पोरीच्या तोंडाला वास येत होता, आंबूस, कुजक्या फळासारखा. रोजच्या उपाशी मुलांचा वास एलोदियाला पाठ होता. हा तो नव्हता.

मान न वळवता तिने विचारलं, "कासिल्दाबाई, काल काय जेवली ही?"

"काही नाही."

"रात्रीसुद्धा?"

"म्हणालीच नाही ना शब्द. परवापण नाही म्हणाली. पाणी दिलं हं मी. पाण्याचं तुम्ही काही बोलला नव्हता." मग, शाबासकीची वाट पाहत, "ती रडली, मी रडले, पण एकदासुद्धा चुकले नाही, बाई."

(या उत्तराला तक्त्यात रकाना नव्हता.)

"ममा," नेरेइदा चमच्याला म्हणाली.

नंतर

एलोदियाने पेन्सिल ठेवली. पोरगी काही म्हणायच्या आत चमचा तिच्या तोंडात दिला. मग दुसरा.

"एलोदिया," स्पीकर म्हणाला, "शब्दाची वाट बघा."

तिसरा. चौथा.

"अहो, पाहुणे बघताहेत! काय चाललंय तुमचं?"

तिने बरणीच पोरीपुढे सरकवली. नेरेइदाने मनगटापर्यंत हात घातला आणि चाटत राहिली. शब्द थांबला. मग तिला उलटी झाली आणि सगळं, तपकिरी, ऊन, चिकट, एलोदियाच्या मांडीवर आलं. एलोदिया हलली नाही. चार महिन्यांत या खोलीत न मागता कुणी कुणाला दिलेलं हे एवढंच, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस आली.

कासिल्दा धावली. पोरीकडे नाही, बरणीकडे.

"फुकट का दिलंत? बोलत होती ना ती!"

"पोटात अन्न नाही हो तिच्या. आधी जरा भाताची पेज..."

"आता दया येते होय तुम्हाला? मला येत नव्हती? उठा. उठा म्हणते ना!"

तिने चमचा शालीला पुसला, एलोदियाच्या खुर्चीवर बसली आणि चमचा स्वतःच्या गालाशी धरला, पोरीने आपल्याकडेच बघावं म्हणून. नेरेइदा उचक्या देत होती. आई थांबली. थांबून राहिली.

"ममा."

"छान गं!" कासिल्दा म्हणाली. सूर थेट एलोदियाचा.

"उत्तम!" स्पीकर म्हणाला. "आईचा हात चांगला बसलाय. एलोदिया, खूण करा."

एलोदिया खोलीबाहेर पडली. ओला झगा पायांना चिकटत होता. स्वयंपाकघरातून तिने वाडगाभर पेज आणली, मीठ घातलेली, कोमट. खोलीचं दार आतून लावलेलं होतं. तिने कोपराने ठोठावलं.

दार बोटभर उघडलं. फटीतून कासिल्दाचा डोळा दिसला, लाल आणि सुखी.

"आत्ता नको, बाई," ती कुजबुजली. "भूक मरेल तिची."