शिवणीतली माया

डॉक्टरांनी कागदावर पोट काढलं, ते मला मुळीच पटलं नाही. पस्तीस वर्षं मी कागदावर माणसं काढते. पाठ वेगळी, छाती वेगळी, बाही वेगळी, आणि शिवून झाली की ती अंगात जातात. यांचं जठर म्हणजे नुसती पिशवी, तीही वाकडी. पण माझी धाकटी बहीण त्या कागदाकडे डोळे लावून बसली होती, म्हणून मी गप्प राहिले. गप्प राहायला मला फार कष्ट पडतात.

"दोन रस्ते आहेत," डॉक्टर म्हणाले. "एक दुर्बिणीचा. पोटाला पाच-सहा बारीक भोकं पाडायची, आत हवा भरायची, एका भोकातून दुर्बीण आणि बाकीच्यांतून हत्यारं घालायची. जठराचा मोठा भाग कापून काढायचा. चार दिवसांत घरी. दुसरा रस्ता म्हणजे पोट उघडायचं." आणि त्यांनी त्या वाकड्या पिशवीवरून वरून खाली एक रेघ ओढली.

"मला बघायला दुर्बीण?" चिमी म्हणाली. "अहो डॉक्टर, मी रस्त्याच्या त्या टोकावरूनसुद्धा दिसते."

डॉक्टर हसले. मी हसले नाही. चिमी विनोद करायला लागली की ती घाबरलेली असते, हे मला तिच्या जन्मापासून ठाऊक आहे.

चिमी हे तिचं कागदोपत्री नाव नव्हे. जन्मली तेव्हा मूठभर होती, चिमणीएवढी, म्हणून चिमी. आता चव्वेचाळीस वर्षांची आणि एकशे सेहेचाळीस किलोची, तरी नाव तेच. बसचे पास काढून देणाऱ्या काचेच्या खोक्यात ती दिवसभर बसते. मध्ये तिथली खुर्ची मोडली तिच्याखाली. कुणी हसलं नाही, सगळे माना खाली घालून रांगेत उभे राहिले. हसले असते तर बरं झालं असतं, असं ती त्या दिवशी म्हणाली.

दुर्बिणीवर तिचा जीव का अडकला होता तेही सांगते. बावीस वर्षांपूर्वी तिचं पित्ताशय काढलं, तेव्हा पोट उघडूनच. जखम चिघळली. अडीच महिने ती उघडी होती आणि रोज सकाळी मी ती धूत होते. दुखणं येतं हत्तीच्या पायानं आणि जातं मुंगीच्या पायानं म्हणतात, ते मी तेव्हा बघितलं. ती ओरडायची नाही. माझा पदर काय, बाही काय, हाताला येईल ते दातात धरायची. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "मरेन, पण पुन्हा पोट फाडून घेणार नाही."

"जुना छेद आहे, आतडी आत चिकटलेली असणार," डॉक्टर म्हणाले. "यकृत सुजलंय, ते वाटेत येतं. आणि झोपेत तुमचा श्वास तासाला चाळीस वेळा थांबतो, अशात पोटात हवा भरायची म्हणजे छातीवर दाब. म्हणून एक गोष्ट नीट आठवून सांगा. हे वजन कधीपासूनचं?"

"वर्षभरातलं," चिमी लगेच म्हणाली. "त्याआधी मला दहा-दहा वर्षांपूर्वीचे कपडे होत होते. ताईनंच शिवलेत बहुतेक सगळे. विचारा ना हिला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "कपडे होत होते?"

"हो," मी म्हटलं. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"मग बरं आहे," डॉक्टर म्हणाले. "नवं वजन लवकर उतरतं. तीन महिने फक्त पातळ खायचं. वजन थोडं उतरेल, यकृत आटेल, मग दुर्बिणीनं करू. हेच वजन जुनं असतं तर मी थांबलो नसतो. ते तीन महिन्यांत हलत नाही, आणि असल्या श्वासानं थांबणं म्हणजे जुगार. पंधरा दिवसांत पोट उघडून मोकळा झालो असतो."

चिमीनं टेबलाखाली माझा हात दाबला. तिचा हात घामानं ओला होता आणि चेहरा असा उजळला होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आता माझं पाप सांगते.

आमच्या धंद्यात शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. वरून दिसत नाही. माणूस सुटलं की शिवण उसवायची, मायेतलं कापड बाहेर घ्यायचं, पुन्हा टीप मारायची. जो शिंपी माया सोडत नाही तो कंजूष, आणि जो भरपूर सोडतो त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येतं. मला हे आमच्या वडिलांनी शिकवलं.

बारा वर्षांपूर्वी चिमीचा नवरा तिला सोडून गेला. जाताना तिच्या अंगाबद्दल एक वाक्य बोलून गेला, ते मी इथे सांगणार नाही. त्याची जीभ झडो. ती माझ्याकडे राहायला आली, दुकानाच्या वरच्या खोलीत. महिन्याभरानं हिरवा स्कर्ट हातात घेऊन खाली आली. कंबरेचा हूक लागत नव्हता. डोळे भरलेले. मी म्हटलं, "अगं, धुताना आटलाय तो. आण इकडे." ती कामावर गेल्यावर मी तो एक इंच सोडला. दुसऱ्या दिवशी तिनं घातला आणि गिरकी घेतली. काय सांगू, मला इतका आनंद झाला!

तिथून सुरुवात. ती कामावर गेली की मी तिचं कपाट उघडायची. एकेक ड्रेस, एकेक कोट, इकडे अर्धा इंच, तिकडे पाऊण. माया संपली तिथे बगलेत किंवा कडेला कळी, म्हणजे जादा तुकडा, घातली, त्याच रंगाचं कापड हुडकून. विकतच्या कपड्याचा मापाचा बिल्ला उसवून दुसऱ्याचा लहान बिल्ला लावला. माप घेताना टेप अठ्ठेचाळीसवर असायची आणि मी मोठ्यानं म्हणायची, "चाळीस!" वहीतसुद्धा चाळीसच लिहायची. तुम्ही म्हणाल, आरसा नव्हता का घरात? होता. पण रोज बघणाऱ्याला आरसा काही सांगत नाही. सांगतो तो कपडा, आणि कपड्याचं तोंड मी शिवून टाकलं होतं.

गेल्या वर्षी मी जिन्यावरून पडले. उजवा हात मोडला, पाच महिने मशीन बंद. त्या पाच महिन्यांत तिचा एकेक कपडा तिला सोडून गेला. "ताई, मी अशी एकाएकी कशी गं फुगले?" म्हणून ती रडली. मी म्हटलं, "वय झालं की होतं." तेव्हा सांगायला काय झालं होतं मला? जीभ तर मोडली नव्हती!

दवाखान्यातून येताना ती खूश होती. जिना एकोणीस पायऱ्यांचा. नवव्या पायरीवर ती नेहमी थांबते. त्या दिवशी थांबली आणि धापा टाकत म्हणाली, "तीन महिने. पातळ तर पातळ, गवत खायला सांगितलं तरी खाईन." मी तिच्या मागे उभी होते. पोट फाडायचं टळलं म्हणून ती एवढी खूश होती आणि ते सगळं माझ्या एका 'हो'वर उभं होतं.

चार दिवस माझं कामात लक्ष लागेना. एका बाईचा ब्लाउज उलटा शिवला आणि वर तिच्यावरच ओरडले. पाचव्या दिवशी सुट्टी होती. दुपारी चिमी दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या झोपली. मी काजं करत होते. ती घोरत होती, आणि मध्येच घोरणं थांबलं. मी सुई धरून वाट बघत राहिले. एक, दोन, तीन... बारापर्यंत मोजलं. तिचे ओठ काळसर झाले. मग एक मोठा आचका आला आणि पुन्हा घोरणं सुरू. असं तासाला चाळीस वेळा. दिवसाला किती, हे मला मोजायचं नव्हतं. तीन महिन्यांत एखादा आचका आलाच नाही तर?

मी वर गेले, तो हिरवा स्कर्ट काढून आणला आणि तिला हलवून उठवलं.

"हे बघ," मी म्हटलं आणि तिच्यासमोर कडेची शिवण फाडली.

शिवणीच्या आतलं कापड उन्हात जात नाही, विटत नाही. म्हणून तिथे पट्टे दिसत होते. बाहेरचा फिका हिरवा, मग त्याहून गडद, मग त्याहून गडद, आणि प्रत्येक पट्ट्याच्या काठाला जुन्या सुईच्या भोकांची ओळ. शेवटी कळीचं कापड, अगदी कोरं. शिंप्याच्या घरातली मुलगी ती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. बोटानं ओळी मोजल्या तिनं.

"चार," ती म्हणाली. "हा एकच आहे की सगळे?"

"सगळे."

"आणि माप?"

"तेही."

तिनं स्कर्ट मांडीवर पसरला. मग म्हणाली, "म्हणजे बारा वर्षं मी वाढत होते आणि तू बघत होतीस."

"तू रडायचीस गं, चिमे."

"रडले असते! रडले असते, ताई, आणि मग काहीतरी केलं असतं. नव्वद किलोवर केलं असतं, शंभरवर केलं असतं. तेव्हा धड चालता येत होतं मला." तिचा आवाज चढला नाही, तेच मला जास्त झोंबलं. "त्यानं निदान तोंडावर सांगितलं."

तिच्या त्या नवऱ्याला माझ्यापेक्षा वरचा पाट मिळाला. मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा डॉक्टरांसमोर बसलो. मी तोंड उघडायच्या आत चिमी म्हणाली, "डॉक्टर, वजन बारा वर्षांचं आहे. माझी चूक झाली सांगायला." माझं नाव तिनं घेतलं नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पोट उघडूनच करावं लागेल, आणि लवकर, असं ते म्हणाले. जखम चिघळायचा धोका तुमच्या वजनात जास्त असतो, तेही त्यांनी लपवलं नाही. चिमीनं कागद पुढे ओढला आणि सही केली. सही वाकडी आली. विनोद एकही केला नाही.

जिन्यात नवव्या पायरीवर थांबून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "दवाखान्याचे कपडे मला होत नाहीत. एक गाऊन शिव. पुढून उघडणारा, बंद लावून. आणि माया सोडू नकोस."

"अगं, पण सूज..."

"माया सोडू नकोस म्हटलं ना."

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी बिनमायेचं कापड बेतलं. कात्री रेघेला लावून चालवली. कडा उसवू नयेत म्हणून नुसती दोऱ्याची वीण घातली आणि अगदी काठावरून टीप मारली. मला ते कापड हातात धरवेना.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. आतडी खरोखरच चिकटलेली निघाली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "दुर्बिणीनं सुरू केलं असतं तरी मध्येच उघडावं लागलं असतं." चांगल्या मनानं म्हणाले असतील. मला त्यानं काडीचं बरं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताप आला. सहाव्या दिवशी खालचे टाके सुटले. जखम चार बोटं उघडली, तीच जागा, तोच वास. निदान महिनाभर इथेच, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ताप उतरेपर्यंत पुढचं काही बोलता येणार नाही म्हणाले. नर्स जखम धूत होती आणि मी उशाशी उभी होते. चिमीनं हात पुढे केला, माझी बाही चाचपली, आणि मग सोडून दिली. चादरीचा कोपरा दातात धरला.

धुणं झाल्यावर नर्स म्हणाली, "घरचा गाऊन आणलाय ना? घालू या, चादर किती वेळ गुंडाळणार."

आम्ही दोघींनी मिळून तिला थोडं वळवलं. बाह्या कशाबशा चढल्या. पुढे आला तर दोन्ही काठांमध्ये वीतभर जागा. पोटाला पट्ट्यांचे थर, वर सूज. मी सवयीनं कडेच्या शिवणीत बोटं घातली, उसवायला काही मिळतंय का बघायला. आत काहीच नव्हतं. मी बोटं तशीच ठेवून उभी राहिले आणि मला रडू फुटलं. नर्सला वाटलं असेल, ही बाई गाऊनसाठी रडते.

"टेप आहे?" चिमीनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

टेप माझ्या गळ्यात नसते कधी? मी ती तिच्या पाठीखालून सरकवली, पट्ट्यांवरून पुढे आणली. आकडा बघितला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अठ्ठावन्न," मी म्हटलं.

"पुन्हा बघ."

"अठ्ठावन्नच आहे, चिमे."

तिनं डोळे मिटले. झोपली असं मला वाटलं, म्हणून मी टेप गुंडाळायला लागले. तेवढ्यात ती म्हणाली, "वहीत लिही. आणि दुसरा शिव."

"माया?" मी विचारलं.

ती इतका वेळ गप्प राहिली की मी तिच्या छातीकडे बघून श्वास मोजायला लागले.

"अर्धा इंच," ती म्हणाली. "त्याच्यावर नको."