सशाच्या गाठी

मित्रांनो, मी एक जुना सुती पट्टा आहे. लढाईचं नाव काढताच तुमची छाती फुगत असेल, तर आधीच सांगतो, मी पोटाला बांधायचा पट्टा आहे. फुगलेल्या छात्यांचा मला तिटकारा आहे.

जपानमधल्या एका डोंगराळ गावात इत्सू नावाच्या बाईने मला शिवलं. तिचा नवरा गेनकिची लाकडी बादल्या बनवायचा. त्याला चीनच्या लढाईचं बोलावणं आलं होतं. त्यांची पोर अजून रांगतही नव्हती. तिला पाठीशी बांधून इत्सू बाजाराच्या तोंडाशी उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईकडून माझ्यावर लाल दोऱ्याची एक गाठ मारून घ्यायची. अशा हजार गाठी झाल्या की म्हणे गोळी लागत नाही. हसू नका. नवरा लढाईवर निघाल्यावर शहाणपण कुणाला सुचतं?

एका बाईची गाठ एकच. मात्र तिथे वर्षांना प्राण्यांची नावं असतात, आणि वाघाच्या वर्षी जन्मलेलीला वयाइतक्या गाठी मारता येत, कारण वाघ लांब जातो तरी घरी परततो. शेजारच्या तोमेआजी "मी वाघाचीच गं!" म्हणत पुढे सरसावल्या आणि डोळ्यांना धड दिसत नसताना साठेक गाठी मारून मोकळ्या झाल्या.

गल्लीचे प्रमुख ओकुमुरा रोज भाषण ठोकायचे. मरण किती सुंदर असतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांचा मुलगा चांगला धट्टाकट्टा. पण भरती सुरू झाली आणि बिचाऱ्याच्या पाठीत जी उसण भरली ती भरलीच.

निघायच्या सकाळी स्टेशनवर झेंडेच झेंडे. गेनकिचीचा चेहरा निर्विकार होता, पण आत पोट थरथरत होतं. ते फक्त मला ठाऊक. तेवढ्यात ओकुमुरांच्या बायकोने तोंड उघडलं.

"अहो, तोमे कसली वाघाची! माझ्या थोरल्या बहिणीच्या बरोबरीची ती. सशाच्या वर्षाची आहे!"

ओकुमुरा कडाडले, "काढ तो पट्टा! सम्राटांच्या सैनिकाच्या अंगावर असली लबाडी? उसव त्या गाठी!"

तोमेआजी रडवेल्या झाल्या. "माझा पोरगा गेला तेव्हा एक वाघीण मिळाली नव्हती रे. म्हटलं, हिच्यावर ती वेळ नको."

इत्सू पांढरीफटक पडली. गाठी उसवल्या तर हजार भरत नव्हत्या आणि गाडी समोर उभी होती.

गेनकिचीने माझ्यावर हात दाबला. "राहू द्या, साहेब. वाघ बांधून कितीतरी गेले, परत कोण आलं? मला ससाच बरा. त्याला निदान पळता तरी येतं."

"भ्याड कुठला!"

"आहेच मी भ्याड. पोरीला सोडून चाललोय, घाबरू नको तर काय नाचू? तुमच्या चिरंजीवांची पाठ बरी झाली असेल तर माझी जागा देतो त्यांना."

झेंडे हलायचे थांबले. इत्सू सगळ्यांदेखत हसली आणि हसता हसता हमसून रडू लागली. मग शिटी झाली.

आता माझा पराक्रम ऐका. माझ्या हजार गाठींनी गोळी सोडाच, एक ऊसुद्धा अडवली नाही. उलट गाठीगाठीत उवांनी संसार थाटले. गेनकिचीला पळायचं होतं, पण हुकूम पुढे जायचा होता. तो पुढे गेला. परत आलो तो मी एकटा. मला माझीच किळस आली.

ओकुमुरा शाळेसाठी काचेची पेटी घेऊन हजर झाले. "इत्सू, पट्टा दे. मुलांना स्फूर्ती मिळेल."

"धुवायला टाकलाय, साहेब."

तिने मला खरंच धुतलं. एकेक गाठ उसवली, माझे दोन तुकडे केले आणि पोरीला लंगोट बांधला. माझ्या उभ्या आयुष्यातलं अब्रूचं काम ते एवढंच.

ओकुमुरा पुन्हा आले. "वाळला का पट्टा?"

"वाळतच नाही, साहेब. पोरगी सारखा ओला करते."

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. घर सोडून कुणी लढायला निघाला, तर त्याच्यापुढे झेंडा नाचवू नका. भीती वाटते का, एवढं विचारा. आणि तो हो म्हणाला, तर गप्प बसून ऐकून घ्या.