जज विदरबींची चौथी बदली

न्यायमूर्ती एबेनेझर विदरबी यांना जगाच्या पाठीवर ललित बडगुजरइतकं कोणी ओळखत नव्हतं. कारण त्यांना दुसरं कोणी ओळखतच नव्हतं. अमेरिकेचं राज्य नवंकोरं असताना ते फेडरल कोर्टाचे जज झाले, एवढी एक नोंद ललितला सापडली. तिच्यावर त्याने दोनशे ऐंशी पानांचा पीएच.डी.चा प्रबंध उभा केला.

धरणगावहून जळगावला निघालेल्या एसटीत त्याची बायको कामिनी तो प्रबंध पहिल्यांदाच वाचत होती. पायाशी परीक्षकांसाठी भरिताचा डबा. ललित अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होता. आजची तोंडी परीक्षा निभावली तर नोकरी कायम, नाहीतर जागा दुसऱ्याला.

"अहो, पान बारावर लिहिलंय, तिकडचा फेडरल जज मरेपर्यंत जज."

"असेल." पान बारा त्याने एका पुस्तकातून उतरवलं होतं. उतरवताना कोण वाचतं?

"मग पान एकशे त्रेचाळीसवर हे साठीला रिटायर कसे झाले? आणि त्याआधी चार बदल्या?"

ललितने प्रबंध तिच्या हातून ओढून घेतला. त्याचे वडील धुळ्याच्या कोर्टात बेलीफ होते. जजचं आयुष्य त्याला पाठ होतं: दर तीन वर्षांनी बदली, साठीला निवृत्ती, बाररूममध्ये शाल-श्रीफळ. विदरबींची मधली वर्षं सापडेनात, तेव्हा त्याने ती तशी भरली. नारळाऐवजी सफरचंदं दिली, तेवढंच संशोधन.

"आता बस परत फिरते का बघा," कामिनी म्हणाली.

विद्यापीठाच्या दारात त्याचे मार्गदर्शक सुकदेव सर भेटले. त्याचा चेहरा बघून हसले. "कोन वाचस भो! बठ्ठं बरोबर शे, सगळं बरोबर." मग आठवल्यासारखं म्हणाले, "हां, धुळ्याच्या हेमराजनानांना बोलावलंय. रिटायर्ड जिल्हा न्यायाधीश. त्यांनी मात्र पूर्ण वाचलाय."

ललितला दोनदा बाथरूमला जावं लागलं.

बाहेरच्या परीक्षकांनी समासाची रुंदी विचारली आणि मान डोलावली. "श्रोत्यांपैकी कोणाला काही?" हेमराजनाना उठले. प्रबंधात बोट घातलेलं. पान कुठलं, ते ललितला लांबूनही कळलं. त्याच्या हातातल्या लेझरचा लाल ठिपका अमेरिकेच्या नकाशावर बोस्टनपासून फ्लोरिडापर्यंत पळू लागला.

"ही चौथी बदली..." नानांनी चष्मा काढला. "ऐन मार्चात केली?"

"हो, सर."

"आणि मुलांची परीक्षा?"

"बुडाली, सर."

"सगळीकडे हेच!" नानांचा आवाज भरून आला. "माझ्या किरणची दहावी अशीच गेली. इतकं खरं आजवर कोणी लिहिलं नव्हतं."

टाळ्या झाल्या. परीक्षकांनी अहवालात 'मूलगामी संशोधन' असं लिहिलं आणि भरित दोनदा वाढून घेतलं. ललित कायम झाला.

पुढच्या वर्षी त्याला विदरबींच्या मृत्यूची नोंद सापडली. ती त्याने कामिनीलाही दाखवली नाही. विदरबी एक्याऐंशीव्या वर्षी, पहिल्या नेमणुकीच्याच गावी, पदावर असताना वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं.