अकरावा बुके

मी पिनहोल्डर आहे आणि मला तक्रार नोंदवायची आहे. जन्मापासूनची हकीकत ओघात येईलच, पण आधीच बजावून ठेवतो, आवाज चढणार.

पिनहोल्डर म्हणजे काय, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर उमटलाच. दर वेळी उमटतो. वाटीच्या तोंडाएवढी शिशाची जाड चकती आणि तिच्यात उभे रोवलेले पितळेचे दोनशे सोळा काटे, तो मी. पसरट भांड्यात मला ठेवायचं, मी बुडेन इतकं पाणी ओतायचं आणि फुलाची दांडी माझ्या काट्यांत टोचायची. सरळ टोचा, सरळ राहते. तिरकी टोचा, तिरकी राहते. तुम्ही पुष्परचना बघता, मान डोलावता, फोटो काढता. हे सगळं कशाच्या जिवावर उभं आहे, असं आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही.

जन्म पत्र्याच्या एका शेडमधला. काटे साच्यात ओळीने लावले, त्यांच्या बुडाशी वितळलेलं शिसं ओतलं, गार झाल्यावर मला उलटं आपटून बाहेर काढलं. तपासणीला एक जाडजूड गृहस्थ होते. त्यांनी माझ्यावर अंगठा दाबला, "आई गं!" म्हणून झटकला आणि मला पास केलं.

पुढची दोन वर्षं दुकानाच्या फळीवर, कंगवे आणि ब्रश यांच्या मधोमध गेली. मी काय आहे याचा दुकानदारालाच पत्ता नव्हता. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "हे कुत्र्याचे केस विंचरायचं का हो?" दुकानदार म्हणाला, "त्यालाही चालतं." त्यालाही म्हणे! कुत्र्याचं नशीब थोर, गिऱ्हाइकाला दुसरा रंग हवा होता.

मग एक बाई आली. हातात यादी. "पिनहोल्डर आहे?" असं तिने मला नाव घेऊन विचारलं. मी तिथेच तिचा झालो.

ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. आठवड्याचे सहा दिवस, सकाळी सातपासून, दंडामागून दंड. पेशंट तिला सुईताई म्हणतात. सुईताईला बघून आजवर कोणाचाही चेहरा खुललेला नाही. म्हणून सातव्या दिवशी, रविवारी सकाळी, तिने पुष्परचनेचा क्लास लावला. कारण विचारल्यावर म्हणाली, "टोचल्यावर ओरडत नाही असं काहीतरी शोधत होते."

क्लास ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या खोलीत भरायचा. क्लासच्या बाई वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. आवाज असा की खाली शिकाऊ ड्रायव्हरांचे ब्रेक लागावेत. "पहिली दांडी भांड्याच्या दीडपट. दुसरी पहिलीच्या पाऊणपट. तिसरी दुसरीच्या पाऊणपट. तीन बसवता येत नसतील त्यांनी तीस खोचून ते लपवू नये!"

सुईताईने पहिला ग्लॅडिओलस हातात घेतला, त्याच्या दांडीवर दोन बोटांनी टिचक्या मारल्या, शीर शोधतात तशा, आणि हळूच म्हणाली, "थोडं टोचेल हं." शेजारच्या बाकावरच्या बायका हसून लोळायच्या बाकी होत्या. पण दांडी पहिल्या फटक्यात बसली. वर्गात एकटीची. इतकी वर्षं सुई कुठे आणि किती जायला हवी हे ठरवणारा तो हात होता. मला त्या हाताचा भरवसा वाटला.

घरी मात्र माझे हाल सुरू झाले. सुईताईचा नवरा शाळेत भूमिती शिकवतो. त्याने माझ्या काट्यांत पेन्सिली उभ्या केल्या. सासूबाईंनी माझ्यावर बटाटे घासले. हो, बटाटे! माती काट्यांत रुतून बसली आणि सुईताई टूथब्रश घेऊन अर्धा तास ती काढत राहिली. "सासूबाई, अहो, हे फुलांचं आहे." "मग मी कुठे काटे मोडले? धुतलं की झालं." घरात माझं नाव पडलं साळू. साळिंदरावरून. मी तेही गिळलं.

कारण रविवार होता. क्लासहून आल्यावर सुईताई जेवणाच्या टेबलाशी बसायची. मी, पाणी, कात्री, तीन दांड्या. एक दांडी टोचायची, मागे सरकून बघायची, काढायची, बोटभर कापायची, पुन्हा टोचायची. कधी तासभर एका जर्बेऱ्याशी हुज्जत. त्या तासात तिच्या कपाळावरची आठी जायची, आणि ती गेलीय हे तिलाही कळायचं नाही. रचना झाली की खिडकीशेजारच्या कपाटावर ठेवायची आणि मग आठवडाभर येता-जाता नुसती बघायची. बस, एवढंच. कोणाला काही मागितलं नाही, कोणाचं काही अडवलं नाही.

आणि एवढंच या घराला बघवलं नाही.

नवरा म्हणाला, "छान आहे गं. पण याचा उपयोग काय?" भूमितीचा मास्तर विचारतो, उपयोग काय! त्याच्या प्रमेयांबद्दल वर्गातली चाळीस तोंडं रोज हेच विचारत असतील, त्यांना काय उत्तर देतो कोण जाणे. सासूबाई म्हणाल्या, "आणि घरात बघणार कोण? चार लोकांत दिसलं तर काही अर्थ."

चार लोकांची सोय करायला भाऊजी हजर होते. भाऊजी म्हणजे सुईताईचे थोरले दीर, नागरिक मंडळाचे सचिव. मंडळाचं एकमेव काम सत्कार. निवृत्त झालेल्यांचा सत्कार, निवडून आलेल्यांचा सत्कार, मागच्या सत्काराला हजर राहिल्याबद्दल सत्कार. भाऊजींनी कपाटावरची रचना पाहिली आणि दाराशीच थबकले.

"वा! हे तू केलंस? मग बुकेही जमत असतील."

"नुकताच शिकवलाय क्लासमध्ये."

"एक कर ना मंडळासाठी. तुला काय, दहा मिनिटांचं काम."

खोटं कशाला बोलू, तेव्हा ती खूश झाली होती. मीही झालो. आमची दोघांची ती चूक.

इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर माझी तक्रार कळायची नाही. बुकेत माझं काही काम नसतं. डाव्या मुठीत दांड्या धरायच्या, एकेक तिरकी घालत गुच्छ फिरवत न्यायचा, सुतळीने आवळायचा, वर चकचकीत कागद आणि रिबीन. पिनहोल्डरवरची रचना घरात राहते, बुके घराबाहेर जातो. म्हणजे बुके वाढले की मी कोरडा पडणार, हा सरळ हिशेब होता, आणि तो फक्त मला दिसत होता.

एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. भाऊजींचं बघून नवऱ्याच्या शाळेने मागितले. शाळेचं ऐकून लॅबच्या मोठ्या डॉक्टरांनी. वरच्या मजल्यावरच्या काकू तर जिना उतरता उतरता ओरडायच्या, "अगं, तुझा छंदच आहे ना, माझ्या भाचीला एक दे करून!" छंद हा शब्द लोक असा वापरतात, जणू रस्त्यावरचा सार्वजनिक नळ. दिसला की बादली लावायची. नकार देणारी मग आखडू, चढून गेलेली, दोन फुलं खोचायला शिकली तर केवढी मिजास.

क्लास सुटला. रविवारी वेळच उरेना. बाईंचा एकदा फोन आला, "काय गं, तीन दांड्या बसल्या का?" सुईताई म्हणाली, "बाई, आता मी तीस खोचते." हसत म्हणाली, पण फोन ठेवून लगेच पुढच्या बुकेची सुतळी आवळायला घेतली.

मी सिंकच्या खालच्या कपाटात, फिनेलच्या बाटलीमागे. पितळ न पुसता ठेवून दिलं की त्यावर कळंक चढतो. माझे काटे हिरवे पडले. पाच महिने.

मग आला तो रविवार. मंडळाचा वार्षिक समारंभ, अकराला. दहा पाहुणे, दहा बुके. सुईताई पहाटेपासून मुठी आवळत होती. आठला भाऊजींचा फोन.

"अजून एक लागेल. अकरावा."

"फुलं संपलीत, भाऊजी. कोणासाठी आहे?"

"ते गुपित आहे. कसाही चालेल गं, तू कर."

तिने बादलीतलं उरलंसुरलं गोळा केलं. पाकळ्या काळवंडलेले गुलाब, दोन कार्नेशन, आणि मान मोडलेला एक जर्बेरा. जर्बेऱ्याची मान तारेने ताठ केली, वर डबल रिबीन मारली आणि बाकीच्या दहांत ठेवला. मला हे दिसलं कारण फिनेल काढताना कपाटाचं दार उघडंच राहिलं होतं.

समारंभाला मी नव्हतो. पण दुपारी दोनला सुईताई, नवरा आणि सासूबाई घरी आले आणि तिघांनी तीन तोंडांनी जे सांगितलं ते तंतोतंत जुळतं, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

सासूबाई चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "काही म्हण, थोरल्याने मान ठेवला हो तुझा. माईकवरून नाव घेतलं."

"काय म्हणून घेतलं, तेही सांगा," सुईताई म्हणाली. तिच्या हातात चकचकीत कागद होता.

"निरपेक्ष सेवा म्हणून. मंडळाची निरपेक्ष सेवा. टाळ्या किती पडल्या!"

सुईताईने हातातला बुके टेबलावर ठेवला. डबल रिबीन. तारेने ताठ केलेला जर्बेरा.

होय. अकरावा बुके तिचाच होता. तिच्या सत्काराचा बुके तिच्याकडूनच करून घेतला होता, फुलं संपल्यावर, "कसाही चालेल" म्हणून. स्टेजवर भाऊजींनी तो तिच्या हातात दिला, दोघांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा हसा."

"आणि हसलीस का?" नवऱ्याने विचारलं. तो मागच्या रांगेत होता, त्याला दिसलं नव्हतं.

"हसले. सवय आहे. पेशंटकडे बघून रोज हसते."

"आणि बाकीचे दहा?" तिनेच पुढे विचारलं. "सासूबाई, तुम्ही सगळ्यांत शेवटी हॉलबाहेर आलात."

सासूबाई जरा घुटमळल्या. "सहा खुर्च्यांवरच राहिले. एक कोणाच्या तरी बुटाखाली आला. बाकीचे नेले असतील."

ती सेवा करायला निघालेलीच नव्हती हो! तिचा एक तास होता. त्या तासाची सेवा कधी करून टाकलीत, कोणत्या बैठकीत ठराव केलात, कोणी अनुमोदन दिलंत? मला कागद दाखवा.

सुईताईने रिबीन सोडली नाही, कात्रीने कापली. कागद फाडला. अकराव्यातलं एकही फूल वाचण्यासारखं नव्हतं, सगळी केराच्या डब्यात गेली. मग ती खाली वाकली, फिनेलची बाटली बाजूला केली आणि मला बाहेर काढलं. लिंबू आणि मीठ घेऊन बसली. हिरवा थर निघेपर्यंत घासत होती. नवरा म्हणाला, "दे, मी घासतो." ती म्हणाली, "नको. तुम्ही फोन घ्या, वाजतोय."

भाऊजीच होते. पुढच्या रविवारी पंधरा.

"तिला सांगतो," नवरा म्हणाला.

"मला सांगू नका, त्यांनाच सांगा. नाही म्हणून," सुईताई म्हणाली.

त्याने फोनवर "बघतो दादा" म्हटलं आणि ठेवून दिला. पुरुषमाणसाचा बघतो म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्यामुळे पुढच्या रविवारी सकाळी साडेआठला भाऊजी स्वतःच दारात. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला फुलांचा भारा दोन्ही हातांत. टेबलावर मी, पाणी आणि ग्लॅडिओलसची एक दांडी. सुईताई कात्री हातात धरून बसलेली.

"ही घे फुलं. साडेदहाला गाडी पाठवतो. आणि हे काय चाललंय?"

"फुलं लावतेय."

"कोणासाठी?"

"इथेच."

"कोणी येणार आहे?"

"नाही."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, दांडीकडे बघितलं, टेबलाखालीही बघितलं, तिथे कोणी प्रमुख पाहुणा बसलाय की काय. "अगं, मग हे नंतरही होईल."

"हे आत्ताच होणार आहे, भाऊजी. बुके मी आता करत नाही."

"रागावलीस? सत्कारात काही कमी पडलं का?"

"नाही. जास्तच झालं."

"पंधरा माणसांना मी काय सांगू?"

सुईताईने दांडी पाण्यात धरली, तिरकी कापली. तिच्या मानेची शीर उडत होती, ती मला खालून दिसली. पहिल्यांदाच थोरल्या दिराला नाही म्हणत होती, आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सासूबाईंनी तोंड उघडलं. मग बंद केलं. मग म्हणाल्या, "थोरल्या, भारा टेबलावर नको ठेवूस. टेबल ओलं होईल."

भाऊजी भारा छातीशी धरून उभेच राहिले. शेवटी नवरा उठला, चप्पल घातली आणि त्यातला अर्धा भार आपल्या हातांत घेतला. "चल दादा. कोपऱ्यावर दुकान आहे, तिथे बांधून घेऊ." जाताना त्याने दार हळू ओढून घेतलं.

भाऊजी तेव्हापासून आमच्याकडे फिरकले नाहीत. वरच्या काकू जिन्यात तोंड फिरवतात. लॅबचे मोठे डॉक्टर दुखावलेत. सुईताईला या सगळ्याचा त्रास होतो, होत नाही असं मी म्हणणार नाही. पण क्लास पुन्हा सुरू झालाय आणि मी आठवडाभर पाण्यात असतो.

माझी विनंती एकच. तुमच्या घरात कोणी उगाच, स्वतःपुरतं, काही करत बसलेलं दिसलं, तर "वा!" म्हणा आणि तिथेच पूर्णविराम द्या. घात त्या पुढच्या वाक्यात असतो.

आता निघा. तिसरी दांडी चौथ्यांदा उपटलीय, सुईताई कात्री शोधतेय, आणि तुम्ही तिचा उजेड अडवून उभे आहात.