माहेरी राहिलेला गुलाब

मी एक जुनं नाव आहे. गुलाब. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी स्वभावाने संशयी आहे. कोणी गोड आवाजात हाक मारली, की पहिल्यांदा मनात येतं, याला आता माझ्याकडून काय पाहिजे?

असा का झालो, ते ऐका. माझा जन्म इराणातला, फारसी भाषेतला. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. म्हणजे मी फूल नव्हतोच, फुलाचं सुगंधी पाणी होतो. बाटल्यांत बसून मी देशोदेशी निघालो. अरबांच्या भाषेत ‘ग’ नव्हता, त्यांनी मला सरळ जुलाब करून टाकलं! तिथे मी गोड सरबत झालो आणि तसाच पुढे युरोपातल्या भाषांत शिरलो. हकीम लोक मात्र पोट साफ करायचं औषध त्याच सरबतातून पाजू लागले आणि माझं नाव त्या औषधाला चिकटलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. हसू नका. हिंदुस्थानात लोकांनी पाणी बाजूला ठेवून थेट फुलालाच मला देऊन टाकलं. मराठीत तर मी इतका मुरलो, की गुलाबजाम झालो, गुलाबी थंडी झालो, गावोगावचे गुलाबराव झालो. तरी धाकधूक होतीच. एक दिवस कोणीतरी विचारणार, तू मूळचा कुठला रे?

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीकाठच्या एका गल्लीत, मी एका मुलीला मिळालो. “गुलाब, दळन आन वं!” अशा हाका ऐकत आम्ही दोघं वाढलो. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न भातकुलीच्या चंद्रभानशी झालं. आपल्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. चंद्रभानने ‘कौशल्या’ लिहिलं. सगळ्यांना पेढे मिळाले. मला कोणी ‘जा’सुद्धा म्हटलं नाही. तिनेही माझ्यासाठी तोंड उघडलं नाही. तेव्हापासून माझा तिच्यावरही भरवसा उरला नाही.

पन्नास वर्षं गेली. चंद्रभानही गेले. यंदा कौशल्याबाईंना नात झाली, मुलगा नितेश आणि सून रागिणी यांची लेक. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून लेक सीमा बारशाच्या दोन दिवस आधीच आली. नावं निघत होती. मध्येच कौशल्याबाई म्हणाल्या, “गुलाब ठेवा ना.”

मी दचकलोच! आत्ता कशी आठवण झाली?

“काऊन वो आई? हे कोनतं जुनाट नाव काढलं?” म्हणत नितेशने मोबाईल काढला. झालं! “हे तं फारसी निंगालं. आपलं नाहीच. अन् जुलाब बी याचाच भाऊ व्हय म्हनते!”

सगळे खो-खो हसले. “शाळेत चिडवतीन पोरीले,” रागिणी म्हणाली.

“ऱ्हाऊ द्या मंग,” असं म्हणून कौशल्याबाई घुगऱ्यांचे गहू निवडायला बसल्या. नाव ठरलं मिहिका. मला ठाऊकच होतं! हे आपलं माहेरचं नाव आहे, एवढंही ती बोलली नाही. तिलाही माझी लाज वाटत असणार, असं मी धरून चाललो.

बारशाला घर बायकांनी भरलं. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, की तिच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. त्या तयारीने सगळ्या सरसावल्या. सीमा पाळण्यावर वाकली.

“थांब सीमा.” कौशल्याबाई म्हणाल्या. “माहेरी माहं नाव गुलाब व्हतं. तुह्या बाबानं तांदळात कौशल्या लिवलं. मले कोनी इचारलं नाही. माय गेली, बाप गेला, भाऊ बी गेला. त्या नावानं हाक मारनारं कोनीच नाही उरलं. म्हनून म्हटलं, पोरीले ठेवा, कानावर तरी पडन. फारसी हाय का काय, मले काय मालूम? मले तं ते माहंच वाटे.”

कोणी हसलं नाही. नितेशने मान खाली घातली. मी म्हटलं, आता सारवासारव होणार, चहा येणार आणि विषय संपणार. पण सीमा पाळणा सोडून उठली. आईजवळ गेली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “कुर्र... गुलाब!”

बायकांना काय करावं कळेना. मग शेजारच्या गोदाबाईंनी सीमाच्या पाठीत दणकन धपाटा घातला आणि पाठोपाठ सगळ्यांनी. कौशल्याबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि रडतही होत्या. मलाही भरून आलं, कशाला खोटं बोलू? इतकी वर्षं मी तिच्यावर उगाच संशय घेतला. नंतर पोरीच्या कानात सीमाने मिहिकाच सांगितलं. माझी काही तक्रार नाही.

चार दिवसांनी हे सगळे मला विसरतील, अशी शंका मला अजून आहेच. स्वभाव जात नाही. पण मित्रांनो, एक मागणं आहे. नावाचं मूळ मोबाईलवर खुशाल शोधा. त्याआधी घरातल्या आजीजवळ जरा बसा आणि विचारा, “आजी, माहेरी तुला काय म्हणायचे?” ती जे सांगेल, त्या नावाने तिला एकदा हाक मारा.